रस्ता कोणी बांधला, रस्त्यावर कोण फिरला?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला रस्त्यावर भाषण कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण आपला हा विहार कसा उभा राहिला ते आठवा. कोणी सिमेंटची गोणी दिली, कोणी रविवारची सुट्टी दिली, आयाबायांनी डोक्यावरून विटा वाहिल्या. ज्या वास्तूला आपला हात लागलेला असतो, तिच्याकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो. म्हणून यंदा अभ्यासवर्गात आम्ही ठरवले की, हाताने उभ्या राहिलेल्या एका मोठ्या कामाची हकीकत आपल्यापुढे मांडायची. काम परदेशातले आहे, पण त्यातले प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत.

अमेरिकेत व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. त्या राज्यातून ब्लू रिज नावाची डोंगररांग जाते. लांबून बघितली की ती निळसर दिसते, म्हणून हे नाव. या डोंगराच्या माथ्यावरून, अगदी कण्यावरून म्हणा ना, एक रस्ता जातो. त्याचे नाव स्कायलाईन ड्राइव्ह. लांबी १०५ मैल, म्हणजे सुमारे १६९ किलोमीटर. एका बाजूला शेनँडोआ नदीचे खोरे, दुसऱ्या बाजूला उतरत गेलेली टेकाडे आणि सपाट मुलूख. ऑक्टोबर महिन्यात तिथली झाडी लाल, पिवळी, केशरी होते आणि ते बघायला मोटारींची रीघ लागते. या रस्त्यावर ताशी ३५ मैलांच्या वर वेग न्यायला परवानगी नाही. कारण हा रस्ता कुठे पोहोचण्यासाठी बांधलेलाच नाही. तो बघण्यासाठी बांधलेला आहे. जागोजागी गाडी थांबवून दरी न्याहाळायला सुमारे सत्तर ठिकाणी जागा केलेल्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हौसेमौजेच्या रस्त्याशी आपला काय संबंध? संबंध असा की हा हौसेचा रस्ता उपाशी माणसांनी बांधला. कोणताही सुंदर रस्ता, धरण, बाग, इमारत दिसली की तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. बांधले कोणी? त्यासाठी उठवले कोणाला? आणि बांधून झाल्यावर आत जाऊ दिले कोणाला? या तीन प्रश्नांनीच आपण आज या रस्त्याची हकीकत बघू.

पहिला प्रश्न, बांधला कोणी?

१९२९ साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. बँका बुडाल्या, कारखान्यांना कुलपे लागली. १९३३ पर्यंत अशी अवस्था आली की कामकरी माणसांत दर चारांमागे सुमारे एक जण बेकार होता. त्यातच १९३० साली मोठा दुष्काळ पडला. ब्लू रिजच्या परिसरातले शेतकरी, सफरचंदाच्या बागांत मजुरी करणारे लोक हवालदिल झाले. त्याआधीच तिथल्या डोंगरी माणसाचा एक आधार गेला होता. चेस्टनट नावाचे झाड तिथे भरपूर होते. त्याची फळे विकून, साल विकून, लाकूड विकून घर चालायचे. बाहेरून आलेल्या बुरशीच्या रोगाने ही झाडे उभीच्या उभी वाळली. म्हणजे रान गेले, पीक गेले आणि बाजारही गेला. तिन्ही बाजूंनी कोंडी.

त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते हर्बर्ट हूवर. सरकारने हातावर थेट मदत ठेवावी या मताचे ते नव्हते. याच डोंगरात रॅपिडान नदीच्या उगमाजवळ त्यांचा विश्रांतीचा तळ होता. दुष्काळनिवारणाचा पैसा वापरून डोंगरमाथ्यावर रस्ता करावा आणि त्यावर स्थानिक शेतकऱ्यांना मजुरी द्यावी, असे ठरले. जुलै १९३१ मध्ये कामाला सुरुवात झाली. लक्षात घ्या, सुरुवातच दुष्काळी कामाने झाली! आपल्याकडच्या ज्येष्ठांना 'दुष्काळी काम' म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

पुढे मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्यांनी एका कायद्यावर सही केली आणि बेकार तरुणांचे एक दल उभे राहिले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'सीसीसी' म्हणत. आपण त्याला निसर्गसंवर्धन दल म्हणू. सुरुवातीला १८ ते २५ वयाचे, लग्न न झालेले, घरी खायची पंचाईत असलेले तरुण त्यात घेतले. त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत अडीच लाखांहून अधिक पोरे छावण्यांत दाखल झाली. १९४२ साली दल बंद झाले, तोपर्यंत सुमारे ३० लाख तरुण त्यातून गेले होते. राष्ट्रीय उद्यानांतल्या अगदी पहिल्या छावण्या याच ब्लू रिजच्या डोंगरात, स्कायलँड आणि बिग मेडोज या ठिकाणी, मे १९३३ मध्ये पडल्या.

आता पगाराचा हिशेब ऐका, तो महत्त्वाचा आहे. महिन्याला ३० डॉलर. त्यातले साधारण २५ डॉलर सरकार परस्पर त्या तरुणाच्या घरी पाठवायचे. पोराच्या हातात पाच डॉलर. जेवण, कपडे, औषधपाणी आणि राहणे छावणीचे. म्हणजे एक मुलगा डोंगरात दगड रचत होता आणि त्याच्या जिवावर कुठेतरी गावात आईची चूल पेटत होती, धाकटी भावंडे शाळेत जात होती. संध्याकाळी छावणीत वर्ग चालायचे. हजारो निरक्षर तरुण तिथे लिहायला-वाचायला शिकले. दिवसा हातात टिकाव आणि रात्री पाटी. हे चित्र आपल्याला परके वाटायचे कारण नाही. रात्रशाळेत शिकलेली माणसे याच सभागृहात बसली आहेत.

काम काय होते? आम्ही खोटे सांगणार नाही, यंत्रे अजिबात नव्हती असे नव्हे. मूळ रस्ता फोडण्याचे काम कंत्राटदारांकडे होते. खोदयंत्रे होती, सुरुंग होते. मेरीज रॉक या ठिकाणी १९३२ साली कातळ फोडून सहाशे फुटांहून अधिक लांबीचा बोगदा काढला, तो काही नुसत्या पहारीने निघाला नाही. पण कातळ फोडला म्हणजे रस्ता झाला असे नसते. फोडलेला डोंगर ही एक जखम असते. ती भरून काढायचे काम हातांनी झाले. दलाच्या पोरांनी उतार तासून सारखे केले, म्हणजे पावसात माती रस्त्यावर येऊ नये. दरीच्या कडेला दगडावर दगड रचून कठडे बांधले. मेलेल्या चेस्टनटच्या लाकडाचे अडसर उभे केले. थांबण्याच्या जागा बांधल्या. उघड्या पडलेल्या उतारांवर गवत लावले, झुडपे लावली, झाडे लावली. आज तिथून जाणाऱ्याला वाटते की रस्ता जणू डोंगरासोबतच जन्मला. हे 'जणू' हाताने घडवलेले आहे. घमेल्याघमेल्याने.

रस्त्याचा मधला टप्पा सप्टेंबर १९३४ मध्ये खुला झाला. उत्तरेकडचा टप्पा ऑक्टोबर १९३६ मध्ये आणि दक्षिणेकडचा ऑगस्ट १९३९ मध्ये. म्हणजे आठ वर्षांचे काम. या आठ वर्षांत किती घरांत चूल पेटली, याचा हिशेब मैलांत करता येत नाही.

इथे आम्हाला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मंदीत सरकारने माणसाला काम दिले, त्याची मजुरी घरी पोहोचवली आणि मागे कायमची उपयोगी वस्तू उरली. हे उपकार नव्हेत. बेकार माणूस आळशी असतो, त्याला फुकटचे खायची सवय असते, असे बोलणारे तिकडेही होते आणि इकडेही आहेत. त्यांना ब्लू रिजच्या पोरांनी तोंडाने उत्तर दिले नाही, कामाने दिले. संधी मिळाली तर गरिबाचे पोर डोंगराच्या डोक्यावर रस्ता नेऊन ठेवते. तेव्हा प्रश्न माणसाच्या लायकीचा नसतो, संधीचा असतो.

पण मित्रांनो, कौतुकावरच थांबलो तर आपण अभ्यास केला असे होणार नाही. म्हणून दुसरा प्रश्न. त्यासाठी उठवले कोणाला?

हा रस्ता ज्या शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानातून जातो, त्या उद्यानाला अमेरिकन काँग्रेसने १९२६ साली मंजुरी दिली. पण जमीन विकत घ्यायला केंद्राने पैसा दिला नाही. राज्याने जमीन मिळवावी आणि केंद्राला दान द्यावी, असा व्यवहार. आता ही जमीन ओसाड नव्हती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहत होती. त्यांची घरे होती, सफरचंदाची झाडे होती, मक्याची शेते होती, प्रार्थनामंदिरे होती, पूर्वजांची दफनभूमी होती. हजाराहून अधिक मालकांच्या जमिनींचे तुकडे. एकेकाशी बोलणी करत बसलो तर जन्म जाईल, म्हणून व्हर्जिनिया राज्याने १९२८ साली सरसकट भूसंपादनाचा कायदा केला.

मोबदला मिळाला का? ज्याच्या नावावर जमीन होती त्याला मिळाला, कोणाला बरा, कोणाला तुटपुंजा. पण जे दुसऱ्याची जमीन कसत होते, कूळ म्हणून राहत होते, त्यांच्या हातात काहीच नव्हते. ज्याच्याकडे कागद नाही त्याचे घर हे घरच नाही! मित्रांनो, गायरान कसणाऱ्याला, झोपडपट्टीत राहणाऱ्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

आधी लोकांची अशी समजूत होती की उद्यान झाले तरी आपल्याला राहता येईल. १९३४ साली स्पष्ट झाले की सर्वांना निघावे लागेल. साडेचारशेहून अधिक कुटुंबे हलली. काहींना सरकारने पायथ्याशी वसाहती करून घरे दिली, काही नातेवाइकांकडे गेली, काही कुठे गेली याचा पत्ताच उरला नाही. काही मोजक्या म्हाताऱ्या माणसांना मरेपर्यंत राहायची परवानगी मिळाली. त्यांच्यातली शेवटची वृद्धा १९७९ साली वारली. एका जमीनमालकाने हा कायदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९३५ च्या अखेरीस निकाल त्याच्या विरुद्ध गेला आणि डिसेंबरमध्ये उद्यान रीतसर स्थापन झाले.

या लोकांनी अधिकाऱ्यांना लिहिलेली शेकडो पत्रे जपून ठेवलेली आहेत. पुढे अभ्यासकांनी ती वाचली, त्यांवर पुस्तक झाले. पत्रांत काय होते? उभे पीक काढून नेऊ द्या. रिकाम्या झालेल्या घराच्या खिडक्या-दारे न्यायची परवानगी द्या. जळणाला पडलेले लाकूड उचलू द्या. म्हणजे स्वतःच्याच रानातल्या काटक्यांसाठी अर्ज! लिहिणारी माणसे फार शिकलेली नव्हती. तरी त्यांनी कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि आपले म्हणणे नोंदवले. म्हणून आज आपण त्यांच्याविषयी बोलू शकतो. नोंद ठेवली नसती तर ही माणसे नव्हतीच, असेच इतिहासाने धरले असते.

नव्हतीच असे धरायचा प्रयत्न झालाही. १९३३ साली या डोंगरी लोकांवर एक पुस्तक आले, त्यात त्यांना मागासलेले, जगापासून तुटलेले म्हणून रंगवले होते. आधी माणसाला रानटी ठरवायचे, म्हणजे त्याला हलवणे हे त्याच्याच भल्याचे ठरते. ही युक्ती जुनी आहे. आपल्यालाही कोणी कोणी काय काय ठरवले होते, ते आपण विसरलेलो नाही.

आणि सर्वात अवघड गोष्ट ऐका. रिकामी झालेली ही घरे पाडायचे, जाळायचे काम कोणाकडे आले? त्याच दलाच्या पोरांकडे. एका गरिबाने दुसऱ्या गरिबाचे घर पाडावे, कारण त्याच्याही आईची चूल त्या पंचवीस डॉलरवर पेटत होती. यात त्या पोरांना दोष देता येत नाही. पण ज्या व्यवस्थेत एकाची रोजी दुसऱ्याच्या घरावर उभी राहते, त्या व्यवस्थेला प्रश्न विचारलाच पाहिजे. काम मिळाले हे खरे. ते कोणाच्या जिवावर मिळाले हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एका दमात सांगता आल्या पाहिजेत. एक सांगून दुसरी गिळायची, हा आपला शिरस्ता नव्हे.

आता तिसरा प्रश्न. बांधून झाल्यावर आत जाऊ दिले कोणाला?

दलाचा कायदा झाला तेव्हा त्यात एक कलम घातले गेले होते की वंश, वर्ण किंवा पंथ यांवरून भरतीत भेद करायचा नाही. हे कलम घालणारे होते ऑस्कर डी प्रीस्ट, त्या काळच्या काँग्रेसमधले एकमेव कृष्णवर्णीय सदस्य. कलम चांगलेच होते. पण प्रत्यक्षात? १९३५ साली दलाच्या संचालकांनी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या छावण्या वेगवेगळ्या ठेवायचा आदेश काढला. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय तरुणांनी देशभर या दलात घाम गाळला, पण बहुतेकांनी वेगळ्या छावणीत. भेद करायचा नाही असे कायद्यात आणि भेद करायचा असे आदेशात. कागद एक, व्यवहार दुसरा!

उद्यानातही तेच. हा रस्ता जनतेच्या पैशाने झाला होता. त्यात काळ्या माणसाचाही कर होता. पण व्हर्जिनियात तेव्हा वर्णभेदाची रीत होती आणि ती रीत डोंगरावरही चढली. गोऱ्यांची भोजनगृहे, मुक्कामाच्या जागा वेगळ्या. काळ्यांसाठी १९३९ साली लुईस माउंटन नावाची एक जागा खुली केली. तिथे पाटी लावली होती, त्या पाटीवर स्पष्ट लिहिलेले होते की ही जागा निग्रोंची. डोंगर १०५ मैलांचा, दरी सगळ्यांची, आभाळ सगळ्यांचे. पण भाकरी सोडून बसायची जागा मात्र नेमून दिलेली.

हे ऐकताना चवदार तळे आठवले नाही असा माणूस या सभागृहात असेल असे आम्हाला वाटत नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा सांभाळलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले. पण पाणी पिता येत नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तिथे चालत जावे लागले. त्यानंतरही कोर्टकचेरी झाली आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. केरळात वैकोमला तर १९२४ साली देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला. रस्त्यावरून चालणे! यापेक्षा साधी मागणी कोणती असेल?

तिकडच्या काळ्या माणसाचे आणि इकडच्या अस्पृश्याचे दुःख एका जातीचे आहे, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिले आणि अमेरिकेतील निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाची चौकशी केली. दुबॉइस यांनी उत्तरही पाठवले. म्हणजे या दोन लढ्यांची नाळ आम्ही आज जुळवत नाही, ती तेव्हाच जुळलेली आहे.

तिकडे पुढे काय झाले? वॉशिंग्टनच्या गृहखात्यात विल्यम ट्रेंट नावाचे एक कृष्णवर्णीय सल्लागार होते. त्यांनी हा भेद काढण्यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला. आधी सहभोजनाची एक जागा सर्वांना खुली झाली, मग डिसेंबर १९४५ मध्ये राष्ट्रीय उद्यानांसाठी भेद बंद करणारा नियम आला आणि १९५० पर्यंत शेनँडोआतला भेद पूर्ण गेला. आणि आपल्याकडे त्याच १९५० साली २६ जानेवारीला संविधान लागू झाले. त्याचे पंधरावे कलम घरी जाऊन वाचा. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या सोबत रस्ते हा शब्द आहे. सरकारी पैशातून राखलेल्या रस्त्यावर जात, धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. तो एक शब्द तिथे फुकट आलेला नाही. वैकोमचे चालणे, महाडचे चालणे त्या शब्दात आहे.

आणखी एक गोष्ट राहिली आणि ती आमच्या भगिनींच्या लक्षात आलीच असेल. या सगळ्या हकीकतीत बायका कुठे आहेत? दल फक्त तरुण पुरुषांचे होते. एलिनॉर रूझवेल्ट यांनी आग्रह धरला तेव्हा बेकार स्त्रियांसाठी काही छावण्या निघाल्या, पण त्यांत एकूण साडेआठ हजारांच्या आसपासच स्त्रिया गेल्या. ३० लाखांपुढे साडेआठ हजार! जातककथांत मघ माणवकाची गोष्ट आहे. मघ आणि त्याचे सोबती गावचे रस्ते सारखे करायचे, पूल बांधायचे, तळी खोदायचे. मग त्यांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधायला घेतली, पण ठरवले की या कामात बायकांना वाटा द्यायचा नाही. तेव्हा सुधम्मा नावाच्या स्त्रीने सुताराला हाताशी धरून इमारतीचा कळस आधीच करून घरात ठेवला. इमारत झाली, कळसावाचून अडली. तिने सांगितले, पैसे नकोत, पुण्यात वाटा हवा. तो द्यावा लागला. तात्पर्य काय, तर कामात वाटा मागून घ्यावा लागतो.

आपल्याकडे मात्र बायका मागे नव्हत्या. १९७२ चा दुष्काळ आठवा. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते. खडी फोडायला, माती वाहायला बाया फार मोठ्या संख्येने होत्या. पोराला झाडाखाली झोळीत टाकायचे आणि घमेले उचलायचे. सुकडी खाऊन आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा पक्का झाला. १९७७ साली तो विधिमंडळाने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क म्हणून मान्य झाला. २००५ साली त्याच वाटेने देशभरासाठी कायदा झाला. अमेरिकेतले दल नऊ वर्षांत गुंडाळले गेले, ती योजना होती. आपल्या खडी फोडणाऱ्या आयांनी मात्र योजनेचा हक्क करून दाखवला. ही लहान गोष्ट नव्हे.

मग आता आपण काय करायचे?

ब्लू रिजच्या पायथ्याशी अलीकडच्या वर्षांत एक चांगले काम झाले. ज्या आठ काउंट्यांमधून, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारख्या भागांमधून, कुटुंबे उठवली गेली, तिथे लोकांनी दगडी धुराड्यांच्या आकाराची स्मारके उभारायला घेतली. घर जळाले तरी धुराडे उभे राहते, म्हणून धुराडे. त्यावर उठवल्या गेलेल्या कुटुंबांची नावे कोरली आहेत. २००८ साली स्कायलाईन ड्राइव्हला राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून मान मिळाला. रस्त्याला मान मिळाला आणि माणसांना नावे मिळाली. उशिरा का होईना, हिशेब पुरा होऊ लागला.

आपल्या आयांची नावे कुठे आहेत? मस्टरवर होती. अंगठे होते. ती मस्टरे कुठे गेली असतील, कोण सांगणार! घाटातल्या कोणत्या वळणाची खडी कोणाच्या आजीने फोडली, हे कोणत्याही मैलाच्या दगडावर लिहिलेले नाही. पण ती माणसे अजून आपल्यात आहेत. आज ज्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे, त्यांच्यापैकी अनेकांनी ती कामे तरुणपणी केली आहेत. त्यांच्यानंतर सांगणारे कोणी उरणार नाही.

म्हणून आमची तरुणांना विनंती आहे. विहारात एक जाड वही ठेवू या. दर रविवारी वंदनेनंतर एका ज्येष्ठाला बसवून विचारा, दुष्काळात कोणत्या कामावर होता? कोणत्या गावाचा रस्ता? मुकादम कसा वागायचा? पाणी प्यायला वेगळे मडके होते का? मजुरी वेळेवर मिळायची का? त्यांच्या शब्दांत उतरवून घ्या. शुद्धलेखन बघू नका, माणूस बघा. ब्लू रिजच्या डोंगरी माणसांनी मोडक्यातोडक्या अक्षरांत पत्रे लिहिली आणि ती नव्वद वर्षे टिकली. आपली वहीसुद्धा टिकेल.

आणि दुसरी विनंती सर्वांनाच. आपल्या वॉर्डात, आपल्या गावाकडे कोणतेही सार्वजनिक काम निघाले, रस्ता असो, बाग असो, नदीकाठ सुशोभित करणे असो, की हे तीन प्रश्न विचारायला विसरू नका. मजुराला काय मिळणार? कोणाचे घर जाणार आणि त्याला कुठे बसवणार? झाल्यावर आमच्या पोरांना तिथे खेळू देणार की फाटकावर पैसे मागणार? प्रश्न विचारला म्हणजे विकासाला विरोध केला असे नव्हे. उलट प्रश्न विचारणारा माणूसच ते काम आपले मानतो.

रस्ता चांगला असावा, सुंदर असावा, डोंगरमाथ्यावर जावा. गरिबाच्या पोरांनीही गाडी थांबवून दरी बघावी. सौंदर्य हे फक्त श्रीमंताच्या डोळ्यांसाठी नसते. पण ज्याने दगड रचला त्याचे नाव त्या रस्त्यावर असावे, ज्याचे घर गेले त्याची नोंद असावी आणि त्या रस्त्यावर कोणाला अडवणारी पाटी नसावी. एवढेच आम्हाला सांगायचे होते.

 सर्वांचे मंगल होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!